'बघच' म्हणण्याआधी

घरबसल्या बघायच्या मालिकांविषयी जो वाद सध्या चालतो, त्यातले दोन पक्ष आता ठरून गेले आहेत. एक पक्ष म्हणतो, काय बघावं हे कुणी सांगायची गरजच उरलेली नाही. आपण काय बघतो, कुठे थांबतो, काय अर्धवट सोडतो याची नोंद ठेवणारी ॲपमधली यंत्रणा आपल्याला नातेवाइकांपेक्षा बरी ओळखते. दुसरा पक्ष म्हणतो, यंत्रणा फक्त खपणारा माल पुढे ढकलते. म्हणून जाणकारांनी याद्या कराव्यात आणि बाकीच्यांनी त्या याद्यांवरून आपली अभिरुची घडवावी. दोघेही तावातावाने भांडतात आणि दोघेही एकच चूक करतात. शिफारस म्हणजे मालिकेच्या दर्जाचा निकाल, असं दोघांनी धरून ठेवलं आहे. मालिका चांगली की वाईट हे ठरवणं समीक्षेचं काम आहे आणि ते मोलाचं आहे. शिफारस हा एका विशिष्ट माणसाविषयी बांधलेला अंदाज असतो. त्याचे किती तास जाणार, कोणत्या भाषेत, घरात कोण बसलेलं असताना, कुठून सुरुवात करून कुठे थांबायचं, एवढं सांगितल्याशिवाय केलेली शिफारस अपुरी आहे, मालिका कितीही थोर असली तरी.

आधी तासांचा हिशेब मांडू, कारण शिफारस करणारे नेमका तोच टाळतात. 'ब्रेकिंग बॅड'चे पाच सीझन आणि ६२ भाग आहेत. एक भाग साधारण ४७ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून ४९ तासांच्या आसपास. रात्रीची जेवणं आटोपल्यावर रोज एकच भाग बघणाऱ्या घरात ही मालिका दोन महिने पुरते. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे ७३ भाग, साधारण ७० तास. उलट 'चेर्नोबिल' पाच भागांत आणि साडेपाच तासांत संपते. 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ आणि १९७९ मधले सगळे मिळून बाराच भाग, म्हणजे सहा तास. या चारही नावांपुढे याद्यांमध्ये एकसारखंच 'चुकवू नका' लिहिलेलं असतं. साडेपाच तासांची मागणी आणि सत्तर तासांची मागणी एकाच शब्दात कशी मावते? पुस्तकाची जाडी हातात घेतल्याबरोबर कळते. टीव्हीच्या पडद्यावर पाच भाग आणि त्र्याहत्तर भाग सारख्याच आकाराच्या चित्रामागे असतात, त्यामुळे जाडी सांगायची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते.

तासांच्या पाठोपाठ डेटा येतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे १ जीबी, एचडीला ३ जीबी आणि फोर-केला ७ जीबी लागतो. रोज २ जीबी मिळणाऱ्या फोनवर एचडीत ४७ मिनिटांचा भाग पूर्णच होत नाही. चाळीसाव्या मिनिटाला गाडं अडतं, आणि बहुतेक मालिकांचा कळीचा प्रसंग त्यानंतरच्या सात मिनिटांत असतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला किंवा तालुक्याच्या गावी फोनवरच सगळं बघणाऱ्या मावशींना मालिका सुचवताना 'ॲपमध्ये जाऊन दर्जा मध्यमवर आण' किंवा 'वायफाय मिळेल तिथे चार भाग उतरवून घे' हे वाक्य मालिकेच्या नावाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता यंत्रणेच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. स्पेनमधली 'ला कासा दे पापेल', म्हणजे आपल्याकडे 'मनी हाइस्ट' नावाने गाजलेली मालिका, २०१७ साली आंतेना ३ या वाहिनीवर आली. पहिल्या भागाला चाळीस लाखांवर प्रेक्षक होते. शेवटाकडे येईपर्यंत ते निम्म्याहून कमी झाले. मालिका संपली, विषय मिटला असं सगळ्यांनी धरलं. वर्षाअखेरीस नेटफ्लिक्सने ती फारसा गाजावाजा न करता जगभर उपलब्ध केली आणि पडद्यावरच्या त्या चित्रांच्या रांगांमधून ती ब्राझीलपासून भारतापर्यंत पोहोचली. २०१८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. स्पॅनिश मालिकांचे कोणते जाणकार सांगलीत किंवा मडगावात बसून ती आपल्याला सुचवणार होते? जर्मन 'डार्क', कोरियन 'स्क्विड गेम' यांनाही हाच न्याय लागतो. भाषेच्या भिंती ओलांडून लोकांना लोकांशी जोडण्याचं काम यंत्रणेने केलं आहे, आणि ते समीक्षकांच्या कोणत्याही यादीला या प्रमाणात जमलेलं नव्हतं. शिवाय यंत्रणा कुणाला लाजवत नाही. 'अजून हे बघितलं नाहीस?' असा प्रश्न ती विचारत नाही.

पण यंत्रणा मोजते काय, हेही बघायला हवं. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने जाहीर केलं की आमच्या शिफारशींचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ. स्पर्धकांना दहा कोटींहून अधिक गुणांकनं दिली गेली; सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले तारे. तीन वर्षं जगभरचे संशोधक झटले आणि सप्टेंबर २००९ मध्ये विजेत्या गटाने १०.०६ टक्के सुधारणा करून बक्षीस नेलं. ती विजेती पद्धत जशीच्या तशी कधी वापरलीच गेली नाही. ती राबवायला लागणारे कष्ट मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने जास्त होते, आणि तोवर टपालाने डिस्क पाठवायचा धंदा मागे पडून इंटरनेटवरून थेट बघण्याचे दिवस आले होते. आठवड्याने घरी येणारी डिस्क निवडताना माणूस एक विचार करतो. दमून भागून रात्री दहाला सोफ्यावर बसल्यावर दुसराच करतो. गंभीर माहितीपटाला पाच तारे देणारा तोच ग्राहक प्रत्यक्षात हलकीफुलकी विनोदी मालिका तिसऱ्यांदा लावतो. म्हणून २०१७ मध्ये तारे काढून अंगठा आणि 'मॅच'ची टक्केवारी आणली गेली. ती टक्केवारी पुष्कळ लोक परीक्षेतल्या गुणांसारखी वाचत. '९८ टक्के मॅच' म्हणजे मालिका ९८ टक्के चांगली असा अर्थ तिथे कधीच नव्हता. तुमच्या आधीच्या बघण्याशी ती किती जुळेल याचा तो अंदाज होता.

'टॉप टेन'चंही तसंच. नेटफ्लिक्स आधी एखाद्या भागाचा ७० टक्के हिस्सा पाहिला तर तो 'बघितला' म्हणून मोजत असे. २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पद्धतीत दोन मिनिटं पुरेशी ठरली. पुढे एकूण तास मोजायला लागले, आणि जून २०२३ पासून एकूण तासांना मालिकेच्या लांबीने भागून आकडा काढतात. चार वर्षांत मोजपट्टी इतक्या वेळा बदलली, आणि तरी शेवटपर्यंत किती जण टिकले हे त्या यादीवरून आजही कळत नाही. प्रेक्षकांनी दिलेल्या दहापैकी गुणांची गत याहून बरी नाही. पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागाला गुण कोण देतं? जे पाचव्या सीझनपर्यंत टिकले तेच. कंटाळून दुसऱ्या सीझनला निघून गेलेले तिथे मत द्यायला परत येत नाहीत. त्यामुळे लांबलचक मालिकेचे शेवटचे भाग चढे दिसतात आणि नवख्याला वाटतं की पुढे पुढे ती सगळ्यांनाच आवडत जाते.

दुसऱ्या पक्षाकडे वळताना एक जुनं उदाहरण आठवणं भाग आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते खरे जाणकार. लोकांची अभिरुची उंचावली पाहिजे या कळकळीने त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. त्या धोरणाचं श्रेयही द्यायला हवं: संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच काळात सुरू झाला, कितीतरी गायक-वादकांना संस्थानं बुडाल्यानंतर आकाशवाणीचा आधार मिळाला. पण श्रोत्यांचं काय झालं? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली आणि घराघरांत पोहोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून आकाशवाणीला चित्रपटगीतांकडे परतावं लागलं. केसकरांचा संगीताविषयीचा निकाल चुकला होता असं कोण म्हणेल? ऐकणारा त्या वेळी कुठे बसला आहे, काय करतो आहे, त्याला काय हवं आहे, याचा अंदाज मात्र साफ चुकला. आजच्या जाणकारांच्या याद्याही याच कारणाने वाचल्या जातात, वाखाणल्या जातात आणि पाळल्या जात नाहीत.

तरी जाणकारांच्या बाजूचा खरा मुद्दा सोडून चालणार नाही. 'द वायर' २००२ ते २००८ या काळात एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर चालली. प्रेक्षकसंख्या कायम तुटपुंजी, एमी पुरस्कार एकही नाही. आज टेलिव्हिजनच्या इतिहासातल्या सर्वोत्तम मालिकांमध्ये तिचं नाव पहिल्या दोन-तीनांत घेतात, आणि हे समीक्षकांच्या आणि चाहत्यांच्या चिकाटीमुळे झालं. नुसत्या मोजणीवर सोपवलं असतं तर ती विस्मरणात गेली असती. म्हणजे अवघड गोष्ट कुणीतरी हट्टाने पुढे ठेवावीच लागते. मान्य. पण ती ठेवण्याची रीत काय?

रीत आपल्याकडच्याच एका माणसाने १९३१ मध्ये लिहून ठेवली आहे. मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम त्यांनी मांडले त्यातला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आणि चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. या तिन्हींत 'उत्तम पुस्तक' हा शब्द कुठेही नाही. ग्रंथाचा दर्जा रंगनाथन यांना कळत नव्हता म्हणून तो गाळला गेला असं कुणी म्हणणार नाही. ग्रंथपालाचं काम जोडणी करण्याचं आहे आणि वाचकाचा वेळ हे त्या जोडणीचं माप आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मालिका सुचवणाऱ्या प्रत्येकाने चौथा नियम डोळ्यांपुढे ठेवला तर निम्म्या याद्या आपोआप सुधारतील.

आता प्रत्यक्षात काय सांगायचं ते पाहू. पहिली गोष्ट सुरुवातीची जागा. 'ब्लॅक मिरर'चा प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्ट आहे, त्यामुळे पहिल्यापासून बघायचं काही कारण नाही. तरी लोक नुसतं नाव सांगतात, ऐकणारा २०११ चा पहिला भाग लावतो, त्यातला किळसवाणा प्रसंग घरच्यांसमोर सुरू होतो आणि मालिका तिथेच कायमची बंद होते. 'तिसऱ्या सीझनचा चौथा भाग, सॅन जुनिपेरो, आधी बघा. मग दुसऱ्या सीझनचा पहिला' एवढं सांगितलं असतं तर तोच माणूस पुढचे दहा भाग आवडीने बघता. क्रमाचा घोळ कधी वाहिन्याच घालतात. 'फायरफ्लाय'चे चौदा भाग तयार होते. २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने ते उलटसुलट क्रमाने दाखवले, पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग सर्वांत शेवटी, आणि अकरा भागांनंतर मालिका गुंडाळली. प्रेक्षकांना ती कळली नाही यात नवल काय? कुठल्याही जुन्या मालिकेचा क्रम सुचवण्याआधी तपासावा तो यासाठी.

दुसरी गोष्ट थांबायची जागा, आणि याविषयी कुणीच बोलत नाही. 'मनी हाइस्ट' मुळात पंधरा लांब भागांची, एका दरोड्याची, पूर्ण झालेली गोष्ट होती. नेटफ्लिक्सने त्या पंधरा भागांची काटछाट करून २२ छोटे भाग केले. पहिल्या पार्टमध्ये १३ आणि दुसऱ्यात ९. तिथे कथा संपते. लोकप्रियता बघून पुढचे तीन पार्ट नव्याने रचले गेले आणि एकूण संख्या ४८ वर गेली. '२२ भाग बघा, तिथे गोष्ट पुरी होते, पुढचं वाटलं तर' ही शिफारस '४८ भाग बघा' यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना पार करता येईल. उलट प्रकारही असतो. 'सेक्रेड गेम्स'चा २०१८ चा पहिला सीझन आठ भागांनंतर ऐन मोक्यावर तुटतो. त्यामुळे तिथे सोळा भागांची तयारी आहे का, हे आधी विचारावं. थांबायची जागा ठरली तरी थांबणं सोपं नसतं, कारण एक भाग संपला की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. नेटफ्लिक्सच्या खात्यात प्रोफाइलखाली 'प्लेबॅक सेटिंग्ज' असतात. पुढचा भाग आपोआप लावण्याच्या पर्यायावरची खूण तिथून काढता येते. दुसऱ्या दिवशी सहाला उठणाऱ्याला मालिका सुचवताना हेही सांगावं.

तिसरी गोष्ट भाषा, आणि मराठी घरांत सगळ्यात जास्त शिफारशी इथेच फसतात. परदेशी मालिकांना मराठी उपशीर्षकं क्वचितच असतात. इंग्रजी उपशीर्षकांची एक ओळ ४२ अक्षरांपर्यंत, अशा दोन ओळी, आणि त्या पडद्यावर जास्तीत जास्त सात सेकंद, बहुतेकदा त्याहून खूपच कमी. ज्यांनी आयुष्यभर इंग्रजी कामापुरतं, सावकाश वाचलं आहे अशा आजी-आजोबांना ही गती झेपत नाही. ते खाली वाचत राहतात, चेहरे बघायचे राहून जातात, आणि आपल्याला काही समजत नाही असा समज करून घेऊन उठतात. चूक त्यांची नसते. 'मनी हाइस्ट'सारख्या मालिकेला हिंदी आवाज उपलब्ध आहे. तो सुचवण्यात कमीपणा मानणारे रसिक मूळ आवाजाचा आग्रह धरतात. तो आग्रह स्वतःपुरता रास्त आहे. मूळ नटाचा आवाज, श्वास, थांबणं यात अर्धा अभिनय असतो. पण ज्याला अक्षरं झेपत नाहीत त्याच्या वाट्याला मूळ आवाजाने काय येतं? जो मूळ आवाजात बघणार आहे त्याला मात्र आणखी एक सूचना लागते. 'स्क्विड गेम' आली तेव्हा इंग्रजी उपशीर्षकांवरून २०२१ मध्ये मोठी चर्चा झाली. 'सीसी' अशी खूण असलेली उपशीर्षकं इंग्रजी डबिंगच्या संवादांबरहुकूम होती आणि साधी इंग्रजी उपशीर्षकं मूळ कोरियनच्या अधिक जवळ होती. यादीत दोन्ही एकाखाली एक दिसतात आणि लोक हाताला येईल ते निवडतात.

चित्र आणि आवाजाविषयी थोडक्यात. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या सीझनचा तिसरा भाग एप्रिल २०१९ मध्ये आला आणि जगभर तक्रार झाली की पडद्यावर काळोखाशिवाय काही दिसत नाही. चित्रण मुद्दाम अंधारं होतं, प्रक्षेपणात चित्राचा डेटा दाबून कमी केला गेल्याने काळ्या रंगातले बारकावे पुसले गेले, आणि बैठकीच्या खोलीत दिवे चालू होते. अशा मालिकेसाठी दिवे मालवायचे, टीव्हीचा 'व्हिव्हिड' बदलून 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावायचा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत कान फाडणारं ऐकू येत असेल तर बहुधा पाच-एकचा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा, आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांवर चाललेला असतो. आवाजाच्या पर्यायांत स्टिरिओ निवडला की पुष्कळ फरक पडतो.

मग सोबत कोण आहे हा प्रश्न. २०२१ च्या नियमांपासून प्रत्येक मालिकेवर वयोगट लिहावा लागतो: सर्वांसाठी, ७, १३, १६ वर्षांवरील आणि प्रौढ. ते उपयोगी आहे, पण वयोगट म्हणजे स्वभाव नाही. 'चेर्नोबिल' एखाद्या निवृत्त अभियंत्याला डोळे मिटून सुचवावी अशी मालिका. तरी तिसऱ्या भागातली रुग्णालयाची दृश्यं आणि चौथ्या भागात पाळीव कुत्र्यांना गोळ्या घालत फिरणारी तुकडी याची कल्पना दिल्याशिवाय ती कुत्रा असलेल्या घरात सुचवू नये. 'दिल्ली क्राइम'चा सात भागांचा पहिला सीझन २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या तपासावर आहे. गुन्हा पडद्यावर दाखवलेला नाही, पण त्याचं वर्णन ऐकावं लागतं, आणि ज्या घरातली मुलगी शिकायला परगावी राहते तिथे आईला त्या रात्री झोप लागणार नाही. आंतरराष्ट्रीय एमी मिळवलेली ती मालिका उत्तमच आहे. उत्तम असल्यामुळेच ती जास्त लागते.

उपलब्धतेचं तर रोज बदलतं. एचबीओच्या मालिका भारतात हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ नंतर त्या तिथून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही सेवा एक होऊन जिओहॉटस्टार झालं. २०२२ मधली यादी हाताशी धरून शोधणारा माणूस मध्येच कुठेतरी अडकला असणार. यादीवर तारीख नसेल तर 'कुठे' हा रकाना निरुपयोगी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. इतकं सगळं आधीच सांगितलं तर बघण्यातला आनंदच जाईल; अनोळखी दारातून आत शिरण्याची जी मजा असते ती सूचनांच्या ओझ्याखाली मरेल. ज्यांनी 'डार्क' काहीही माहीत नसताना पाहिली त्यांना जे मिळालं ते पुन्हा कुणाला मिळणार नाही, हे खरंच आहे. पण इथे मागितलेल्या गोष्टींपैकी एकही कथेतली नाही. किती तास, कुठला आवाज, कुठला भाग, दिवे चालू की बंद, सोबत कोण, हे सगळं कथेच्या बाहेरचं आहे. 'डार्क'विषयी एवढंच सांगायचं: तीन सीझन, २६ भाग, चार कुटुंबं आणि निरनिराळे काळ, म्हणून तीन आठवड्यांच्या आत संपवा, एकट्याने किंवा जोडीने बघा, कागदावर वंशावळ लिहीत जा, जर्मन आवाज ठेवा. यातून रहस्य फुटतं का? उलट कागद-पेन्सिलीविना बसलेला माणूस पाचव्या भागाला नावांच्या गुंत्यात हरवतो, फोनवर शोध घ्यायला जातो आणि पहिल्याच उत्तरात सगळं रहस्य वाचून बसतो. रहस्य टिकवायचं असेल तर तयारी करून द्यावी लागते.

दुसरा आक्षेप मराठीच्या अंगाने येतो आणि तो मनापासूनचा असतो. मराठी मालिका आपणच सुचवल्या नाहीत तर कोण सुचवणार? म्हणून मराठी आहे एवढ्या कारणासाठी त्या पुढे ठेवाव्यात, असं म्हणणारे थोडे नाहीत. मराठी मालिका बनाव्यात आणि बघितल्या जाव्यात, ही तळमळ मलाही आहे. पण कर्तव्य म्हणून दिलेली शिफारस एकदाच चालते. भिडेखातर लावलेली मालिका दुसऱ्या भागाला बंद पडते आणि 'मराठीत काही नसतं' हा समज पक्का होतो. त्यापेक्षा 'समांतर' सुचवताना सांगावं की ती सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर आहे, पहिल्या सीझनचे नऊच छोटे भाग आहेत, एका रविवारी दुपारी संपते, आणि ज्यांना नशिबाचा, हातावरच्या रेषांचा विषय ओढतो त्यांच्यासाठी आहे. 'मानवत मर्डर्स' सुचवताना सांगावं की परभणी जिल्ह्यातल्या सत्तरीच्या दशकातल्या खऱ्या हत्यासत्रावर आणि रमाकांत कुलकर्णींनी केलेल्या तपासावर ती आधारलेली आहे, बळी गेलेल्यांत लहान मुली आहेत, म्हणून पोलीस तपासाची आवड असली तरी नातवंडं झोपल्यावरच लावा. एवढ्या अटींसह दिलेली मराठी मालिका शेवटपर्यंत बघितली जाण्याची शक्यता अभिमानाने दिलेल्या मालिकेपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि निर्मात्यांना हवा असतो तो शेवटपर्यंत बघणारा प्रेक्षक.

'द वायर'सारखी अवघड मालिका कशी सुचवावी, तेही लिहून दाखवतो. पाच सीझन, ६० भाग, साधारण ६० तास. पण मागायचे ते पहिल्या सीझनचे १३ भाग, कारण तेवढ्यात एक तपास सुरू होऊन संपतो. बाल्टिमोर शहर, तिथला अमली पदार्थांचा धंदा आणि फोनवर पाळत ठेवणारी पोलिसांची एक तुकडी. मालिका रचणारे डेव्हिड सायमन त्याच शहरात पत्रकार होते आणि त्यांचे सहकारी एड बर्न्स पोलीस, नंतर शिक्षक; म्हणून कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. पहिले तीन भाग नावं ध्यानात राहणार नाहीत, ते ठीक आहे. निर्णय चौथ्या भागानंतर करा. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा, कारण रस्त्यावरची बोली कानाला लागायला वेळ लागतो. भाजी निवडता निवडता बघायची ही मालिका नाही. शिव्या, नग्नता, हिंसा आहे, मुलांसमोर नको. पुढे गेलात तर दुसरा सीझन बंदरावर जातो आणि भलतीच मालिका लावल्यासारखं वाटतं; तो गाळू नका. चौथा शाळेवर आहे, आणि सगळ्यात थोर आहे तो तोच.

आणि महिन्याभराने 'आवडली का?' असं विचारू नका. त्याला भिडेखातर 'हो' येतं. 'कितव्या भागावर आहात?' असं विचारा. तिसऱ्यावर अडकले असतील तर कारण विचारा. भाषा आड आली असेल तर 'स्कॅम १९९२' द्या: हिंदी, दहा भाग, साधारण नऊ तास, मुंबईचा शेअर बाजार, आणि तिथेही कुणी फार समजावत बसत नाही. रात्री डोळे मिटतात म्हणून राहिली असेल तर 'येस मिनिस्टर' द्या: अर्ध्या तासाचा भाग, प्रत्येक गोष्ट त्याच भागात संपते, चार दिवस खंड पडला तरी काही बिघडत नाही. आणि 'द वायर'मधली माणसंच आवडली नाहीत असं उत्तर आलं तर तिथे वाद घालू नका, ही मालिका त्यांच्यासाठी नाही.